देण्याआधी विचारणे : पाड्यावरच्या आईबापांना नेमके काय हवे असते?



आदिवासी भागातल्या सेवाकार्याविषयी बोलणे निघाले की आपल्या मंडळ्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. "मुलं अशक्त आहेत, आईबाप गरीब आहेत, हे तर दिसतंच आहे. मग आधी दोन-तीन महिने घरोघर फिरून माहिती गोळा करण्यात पैसे कशाला घालवायचे? तेवढ्यात धान्य नाही का वाटता येणार?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो. आपण दिलेला रुपया मुलाच्या पोटात जावा, कागदात जाऊ नये, असे देणाऱ्याला वाटणारच. म्हणून या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी काम करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एक वर्ग येतो. समोर माता बसलेल्या, भिंतीवर तक्ता लावलेला, आणि कोणी ताई सांगते आहे की बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न द्या, हात धुवा, बाळाशी बोला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगायलाही हव्यात. पण त्यामागे एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे या आयांना माहिती नाही म्हणून मुले अशक्त राहतात. हे गृहीतक घेऊन गेलो तर शंभरातल्या शंभर घरांना एकच औषध दिले जाते. एखाद्या घरात माहितीची उणीव असतेही. पण कित्येक घरांत उणीव असते ती वेळेची, हातांची, सरपणाची, झोपेची किंवा एका दाखल्याची. बाहेर उभे राहून पाहिले तर ही सगळी घरे सारखीच दिसतात.

एका घराचा हिशेब

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातले एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. नवरा-बायको, तीन मुले, आणि डोळ्यांनी कमी दिसणारी सासू. धाकटे बाळ दहा महिन्यांचे. अंगणवाडीताईने रंगीत पट्टीने त्याचा दंडघेर मोजला तो ११.२ सेंटिमीटर भरला. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असला की मूल तीव्र कुपोषित धरले जाते. पट्टीवरचा तो लाल भाग. ताईने आणि नर्सबाईने सांगितले, "पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा, साधारण १४ दिवस राहावे लागेल." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा ती घरी नव्हती. वहीत शेरा पडला : "पालक सहकार्य करत नाहीत."

आता हाच प्रसंग घरातून पाहा. दिवाळी तोंडावर आली आहे. घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे, आणि आठ दिवसांत ट्रक येऊन सगळ्यांना ऊसतोडीला गुजरातेत नेणार आहे. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको मागे राहिली तर अर्धा कोयता होतो, आणि उचल फिटत नाही. ती बाळाला घेऊन तालुक्याला गेली तर चार वर्षांच्या आणि सात वर्षांच्या मुलांना भाकर कोण करून घालणार? झऱ्यावरून पाणी कोण आणणार? सासूला चूल पेटवताना भाजण्याची भीती. आईला बाळाची काळजी नाही असे कोण म्हणेल? तिच्यापुढे तीन मुलांचा हिशेब होता आणि तिने तो आपल्या परीने सोडवला.

या घरी जाऊन कुणी पोषणावर भाषण दिले तर ते ऐकून घेतले जाईल, पुढे काही होणार नाही. पण नीट विचारले तर वाटा निघू शकतात. आईची बहीण शेजारच्या पाड्यावर असेल तर ती १४ दिवस येऊन राहू शकते का? केंद्रात राहणाऱ्या मातेला बुडीत मजुरी मिळण्याची सोय आहे, हे तिला कोणी सांगितले का? मुलाची भूक शाबूत असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्याच ग्राम बालविकास केंद्रात त्याच्यावर उपचार होऊ शकतात का? मुकादमाशी नवऱ्याने एकट्याने बोलण्यापेक्षा सोबत सरपंच किंवा पोलीस पाटील असले तर जोडी दहा दिवस उशिरा निघू शकेल का? यातल्या एकाही वाटेला फार पैसा लागत नाही. लागते ती त्या घराची खरी माहिती.

गरज कोणी ठरवायची?

ब्रिटनमधले समाजधोरणाचे अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली एक साधी मांडणी केली. गरज चार प्रकारे ओळखली जाते, असे ते म्हणतात. एक, जाणकार आपल्या मापाने ठरवतात ती. वर सांगितलेला दंडघेर हे त्याचे उदाहरण. दुसरी, माणसाला स्वतःला आतून जाणवते ती. तिसरी, जी तो तोंडाने मागतो किंवा रांगेत उभा राहून दाखवतो. आणि चौथी, तुलनेतून कळणारी : रस्त्याकाठच्या पाड्यावर नर्सबाई दर महिन्याला येते आणि नर्मदेकाठच्या पाड्यावर बोटीशिवाय जाता येत नाही, तर दुसऱ्या पाड्याची गरज कोणी न मागताही दिसून येते.

मदत करणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात होतो. एक तर आपण आपले माप लावतो, नाही तर जो मागायला पुढे येतो त्याला देतो. दुसरा प्रकार राहूनच जातो, कारण जाणवणारी गरज माणूस पाहुण्यापुढे चटकन बोलत नाही. आणि जे घर सर्वांत अडचणीत असते ते बहुधा मागायलाही येत नाही. शिबिराच्या दिवशी येणाऱ्या आया म्हणजे ज्यांना यायला सवड होती त्या. कातकरी वस्तीत पावसाळ्यानंतर शिबिर ठेवले तर ज्यांच्यासाठी ठेवले ती घरे वीटभट्टीवर गेलेली असतात, आणि उरलेल्यांना मोजून आपण "उपस्थिती चांगली" असे लिहितो.

न मागितलेली गरज किती मोठी असू शकते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. बाकीच्या गप्प होत्या, दुखत नव्हते म्हणून नव्हे. कंबर आणि ओटीपोट सतत दुखणारी आई बाळाला खेळवत नाही, चिडते, दुपारी पडून राहते. अशा घरात "बाळाशी बोला" हा उपदेश करण्याआधी आईला डॉक्टरीण दाखवावी लागते. आईची प्रकृती ही पालकत्वाच्या कामातली पहिल्या पानावरची बाब आहे, आणि बऱ्याच अर्जांत तिच्यासाठी रकानाच नसतो.

त्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले होते की तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोकांनी मोठी इमारत मागितली नाही. आपल्या घरांसारख्या झोपड्या असाव्यात, नातेवाईकांना रुग्णाजवळ राहता यावे, असे त्यांनी सांगितले. दवाखान्याला नावही त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, दिले गेले. आपल्यापैकी काहींना ते नाव वेगळे वाटेल. पण ज्या दारातून माणूस आत यायला घाबरत नाही ते दार कसे असावे, हे त्या माणसालाच ठाऊक असते. पुढे याच संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी देखभाल सुरू केली. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देऊ लागल्या त्याला या कामाचा मोठा आधार होता. घरी जाऊन पाहणे आणि मदत करणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसले असेल.

विचारायचे कसे?

ही बाब जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पाहणी फसते ती बहुधा इथेच.

पहिली अडचण भाषेची. मेळघाटात कोरकू बोलली जाते आणि तिचा मराठीशी कुळाचाही संबंध नाही. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, सातपुड्यात भिली आणि पावरी. पुरुषांना बाजारामुळे मराठी किंवा हिंदी येते, घरातल्या बायकांना पुष्कळदा येत नाही. मराठीत प्रश्न विचारला की उत्तर नवरा देतो किंवा शाळेत जाणारा मुलगा देतो. आई मान हलवते, आणि ती मान आपण "होय" म्हणून लिहितो. त्या पाड्यावरची, तीच भाषा बोलणारी बाई सोबत असल्याशिवाय पाहणीला निघूच नये. तिला त्या दिवसाची मजुरी द्यावी. ही मजुरी "प्रशासकीय खर्च" या सदरात दिसते तेव्हा तिच्यावर कात्री चालवण्याचा मोह होतो, तो टाळावा एवढीच विनंती.

दुसरी अडचण प्रश्नाच्या घडणीची. "तुम्ही बाळाला दिवसातून किती वेळा जेवू घालता?" या प्रश्नाचे उत्तर पाहुण्याला खूश करणारेच येणार. त्याऐवजी असे म्हणावे : "ताई, काल कोंबडा आरवल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय झालं ते सांगा." मग दिवस उलगडत जातो. पहाटे पाणी आणले, पेज शिजवली, बाळाला थोडी दिली, थोरलीच्या कडेवर देऊन रानात गेले, दुपारी आले तेव्हा ते झोपले होते, संध्याकाळी लाकडे आणली, भाकरी होईपर्यंत ते पुन्हा झोपले. आता कोणी न सांगताच कळते की बाळाच्या पोटात दिवसभरात दोनदाच अन्न गेले. घरात नागली नव्हती असे नाही. बाळ जागे असताना भरवणारे माणूस घरात नव्हते.

तिसरे म्हणजे "पालक" कोण हे आपण ठरवून जाऊ नये. "बाळ दिवसभर कोणाजवळ असतं?" एवढेच विचारावे. उत्तर कधी "आजीजवळ" असते, कधी "काकूजवळ", आणि फार वेळा "थोरलीजवळ" असते. थोरली म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिची शाळा त्यामुळे बुडते. अशा घरात सगळे पालकशिक्षण आईला देऊन उपयोग नाही, कारण दिवसभर सांभाळणारी दुसरीच आहे. आणि आठ वर्षांच्या मुलीला पालकत्वाचे धडे देणे हा तर उफराटा न्याय होईल. तिला हवी आहे सुटका, म्हणजे बाळासाठी दिवसभराची सुरक्षित जागा. अंगणवाडीत बसून खाणारी आणि शिकणारी मुले तीन ते सहा वर्षांची. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. शिवाय घरी नेलेले पाकीट सगळ्या भावंडांत वाटले जाते, आणि कोणत्या आईने ते वाटू नये? नेमके हेच वय कुपोषणाला सर्वांत सोपे सापडते. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने हीच फट ओळखून 'फुलवारी' नावाची पाळणाघरे गावागावांत चालवली. गावातल्याच बाया सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळतात, खाऊ घालतात, आणि थोरल्या मुली शाळेत जाऊ शकतात. आपल्याकडे वीटभट्टीवर आणि उसाच्या फडाजवळ अशा जागेची गरज किती आहे, हे कोपीपुढे बसून दिवसाचा हिशेब ऐकल्यावर कळते.

वडिलांनाही वेगळे बसून विचारावे. बापाला फक्त "दारू पिता का?" एवढेच विचारायचे अशी एक रीत पडली आहे, आणि मग तो पुढच्या वेळी दिसतच नाही. उसाच्या फडात बाळाला झोळीत घालून झोका देणारे, आजारी मुलाला खांद्यावर घेऊन डोंगर उतरणारे बाप याच पाड्यांवर आहेत. "मुलाचं कोणतं काम तुम्ही करता? काय करायला आवडेल?" असे विचारले तर बोलणे सुरू होते. दारूचा, मारहाणीचा विषय बोलायचा तर तो बाईशी, ती एकटी असताना, आणि पहिल्या भेटीत कधीच नाही.

आणि एकच भेट पुरत नाही. पहिल्या भेटीत माणसे आपल्याला जोखतात. दुसऱ्या भेटीत रेशनचे बोलतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी, मोहाची फुले वाळत घालता घालता, खरी गोष्ट निघते. दोन-तीन महिने लागतात ते याचसाठी.

जे आधीच लिहिलेले आहे ते पुन्हा विचारू नये, ही आणखी एक साधी शिस्त. बाळाचे वजन, लसी, जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्डावर असते. अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्या वह्यांत अर्धी माहिती असते. त्यांना सोबत घेऊन जावे. पाड्यावरची घरे प्रश्नांना कंटाळलेली असतात. कुणी ना कुणी फॉर्म घेऊन येतो, बोटाचा ठसा घेतो, फोटो काढतो आणि परत दिसत नाही.

मूल, पालक आणि भोवताल

विचारून झाल्यावर ही माहिती लावायची कशी? ब्रिटिश सरकारने २०००मध्ये मुलांच्या गरजा जोखण्यासाठी एक चौकट प्रसिद्ध केली होती, ती त्रिकोणाच्या रूपात आहे. एका बाजूला मुलाची वाढ आणि विकास, दुसऱ्या बाजूला पालकांची सांभाळ करण्याची क्षमता, तिसऱ्या बाजूला कुटुंब आणि भोवताल. ती चौकट तिथल्या समाजसेवकांसाठी केलेली, आपल्याला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण त्यातली एक गोष्ट फार कामाची आहे : एका बाजूवर काही कमी दिसले तर कारण त्याच बाजूला शोधू नये. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, ही पहिल्या बाजूची नोंद. कारण कान असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासून घ्यावे लागेल. कारण आईची उदासी असू शकेल. किंवा मूल दिवसभर भट्टीजवळ झोळीत एकटेच असते, हेही कारण असेल. तीन कारणे, तीन वेगळ्या मदती, आणि वहीतली नोंद मात्र एकच : "मूल बोलत नाही."

शाळेत जाणाऱ्या मुलांचा भोवताल तर आणखी वेगळा. राज्यात पाचशेच्या आसपास सरकारी आश्रमशाळा आहेत आणि त्याहून काहीशा अधिक अनुदानित. पहिलीपासून मूल तिथे राहते, दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येते. अशा आईबापांना आपण "पालक मेळावा" घेऊन काय शिकवणार? त्यांना विचारले तर ते साध्या गोष्टी सांगतात : पोर आजारी पडले तर आम्हाला कळावे, भेटायला गेल्यावर बसायला जागा असावी, अधूनमधून फोनवर त्याचा आवाज ऐकू यावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, बँकेचे खाते, शिधापत्रिकेत मुलाचे नाव, यांतला एक कागद नसल्याने मातृवंदना योजनेचे पैसे, शाळेतली सवलत, रेशन असे सगळेच अडते. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तीही कागदांवरच अडते. घर स्थलांतर करणार असेल तर तशी नोंद अंगणवाडीत आधी करून ठेवावी, म्हणजे जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत मुलाचा आहार मागता येतो. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही उचलता येते. तालुक्याच्या कचेरीत दोन दिवस सोबत जाणारा माणूस ही काही घरांची सर्वांत मोठी गरज असते. ती भागवायला बसभाडे आणि चिकाटी एवढेच लागते.

जिथे थांबून विचारायला वेळ नसतो

सगळ्याच गोष्टी शांतपणे जोखत बसण्यासारख्या नसतात. नवजात बाळाने दूध ओढणे सोडले, अंग थंड पडले किंवा तापले, छाती आत ओढली जाते आहे, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास चालले आहेत, यातले काहीही दिसले की वही मिटायची आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवायची. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा आहे. तिला डंबा म्हणतात. तो प्रकार दिसला तर परंपरेचा मान राखून गप्प बसता येत नाही, बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे लागते. पण आजीवर ओरडून काही साधत नाही. बाळ रडते आहे, दवाखाना दूर आहे, आणि तिच्या हाती असलेला उपाय तिने केला. तिच्याशी पुढे बोलत राहायचे असेल तर त्या दिवशी तिला पाड्यासमोर गुन्हेगार ठरवून चालणार नाही. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

यातूनच गुप्ततेचा प्रश्न येतो. कार्यकर्त्याने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे की तुमचे बोलणे मी बाहेर सांगणार नाही, पण मुलाला धोका असेल तर मला सांगावेच लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. कमी वयात लग्न झालेली गरोदर मुलगी या भीतीने दवाखाना टाळते, आणि तिची ही अडचण फार नाजूक आहे. आधी विश्वासात घेऊन मग फसवले असे तिला वाटू नये, म्हणून नियम आधी सांगायचा.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. देणगीदार म्हणून आपल्याला मुलांचे फोटो, नावे, कहाण्या हव्याशा वाटतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी, आपल्या घरातली अडचण फोटोसह छापलेली आपल्याला चालली असती का?

आपण काय पाठवतो?

या त्रैमासिकाच्या वाचकांच्या थेट उपयोगाची एक गोष्ट. कुपोषित बाळांसाठी दूध पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या देऊ करणारे दाते पुष्कळ असतात, हेतू अर्थात चांगला असतो. परंतु १९९२ च्या शिशु दुग्धपर्याय कायद्यानुसार बाळांचे पावडरीचे दूध आणि बाटल्या दान म्हणून वाटता येत नाहीत, अपवाद फक्त अनाथालयांचा. कारणही ठोस आहे. पाड्यावर पाणी उकळायला सरपण लागते, बाटली स्वच्छ होत नाही, डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ कालवली जाते, बाळाला हगवण लागते, आणि इकडे आईचे दूध ओढणे कमी झाल्याने तेही आटते. डबा संपतो तेव्हा दोन्ही गेलेले असतात. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. त्या आईला अंगणवाडीपर्यंत रोज जाता येते का, तेवढा वेळ तिची बाकीची कामे कोण करते, हे पाहणे डब्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

माहिती हाती आल्यावर निर्णय घराने घ्यायचा. कार्यकर्त्याने जे ऐकले ते त्या कुटुंबापुढे त्यांच्या भाषेत परत सांगायचे : "तुम्ही हे म्हणालात, मला हे दिसलं. बरोबर आहे का? यातलं आधी काय करू या?" पुष्कळदा घर जे आधी निवडते ते आपल्या यादीत चौथे असते. मुलाच्या जिवाशी गाठ नसेल तर त्यांचेच आधी करावे. छपराचे गळणे थांबले की आजी बाळासाठी वेळ काढते, असा त्या घराचा हिशेब असेल, आणि तो त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. जे देता येणार नाही त्याचे आश्वासन देऊ नये. "हे आमच्याकडून होणार नाही, पण अमुक कचेरीत होते, मी सोबत येतो," असे म्हटलेले लोकांना चालते.

शेवटी वेळेची गोष्ट. एकदा घेतलेली माहिती वर्षभर खरी राहत नाही. भाद्रपदात ज्या घरी धान्य संपलेले असते तिथे कापणीनंतर कणगी भरलेली असते, आणि दिवाळीनंतर घरालाच कुलूप. सातपुड्यात ऊसतोडीला गेलेली कुटुंबे होळीला घरी यायची धडपड करतात, कारण भिल्ल आणि पावरा लोकांचा तो वर्षातला सर्वांत मोठा सण. होळीच्या आठवड्यात पाडा भरलेला असतो, बाप घरी असतात, मुले चार महिने कुठे आणि कशी राहिली ते त्यांच्या अंगावर दिसत असते. दंडघेराची पट्टी, मागच्या भेटीची वही आणि ती भाषा बोलणारी बाई घेऊन पुन्हा जायचे ते त्या आठवड्यात. यंदाच्या निधीत त्या प्रवासाचे पैसे वेगळे ठेवायला सांगितले आहेत, ते याच कारणाने.